फुटबॉल वर्ल्ड कपसाठी भाच्याला कुठल्या देशाची जर्सी घेऊ? बजेट ८०० रुपये

पुण्यातला_मामा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. माझा भाचा ११ वर्षांचा आहे, कोल्हापुरात पेठेत राहतो, स्टॉपर खेळतो, म्हणजे गोलीच्या पुढे बचावात मधोमध. त्याचा वाढदिवस जूनमध्ये आहे आणि ११ जूनपासून वर्ल्ड कप, म्हणून जर्सी द्यायचं ठरवलंय. अडचण अशी की त्यानं अजून कुठलाच देश धरलेला नाही. गल्लीत निम्मी पोरं ब्राझीलची, निम्मी अर्जेंटिनाची, दोन्हीकडून नुसती ओढाओढ चाललीय. परवा फोनवर म्हणाला, "मामा, तूच सांग."

बजेट ८०० रुपये, कुरिअर धरून. पोरगं वाढतंय, वर्षभरात जर्सी आखूड होणार, म्हणून त्यावर जायचं नाही. संघ निदान साखळीत गारद होऊ नये. सामने शाळकरी मुलाला बघता येतील अशा वेळी असावेत, कारण जूनच्या मध्याला शाळा सुरू होते आणि ताईची सक्त ताकीद आहे. आणि त्या संघात बघून शिकण्यासारखा एखादा बचावपटू असला तर फारच उत्तम.

रंकाळा_१०
ह्यात विचारायचं काय भावा? ब्राझील. पाच वर्ल्ड कप: १९५८, ६२, ७०, ९४ आणि २००२. आजवरच्या एकूण एक वर्ल्ड कपमध्ये खेळलेला जगातला एकमेव देश. आमच्या घरात आज्जापासून पिवळीच हाय. आणि घ्यायची तर ओरिजिनल घे, नायकेची. पाच हजाराच्या पुढं जाईल, पण मी २०१४ ला घेतलेली अजून धाकटा भाऊ घालतो, रंग तसाच.

पेठेतला_पांढरा_निळा
२०१४ चं नाव कशाला काढतोस? सेमीफायनलला जर्मनीनं सात मारले ते त्याच साली. मामा, अर्जेंटिना घ्या. जगज्जेते आहेत, दक्षिण अमेरिकेचा कोपा कप २०२१ आणि २०२४ दोन्ही त्यांचेच. मार्च २०२५ ला ब्युनोस आयरिसमध्ये ब्राझीलला ४-१ धुतलंय. ब्राझील पात्रता फेरीत पाचवा आला, पाचवा! तुमच्या भाच्यासाठी सांगतो, लिसांद्रो मार्टिनेझ बघायला लावा. उंची जेमतेम १७५ सेंटिमीटर, सेंटर बॅकला, म्हणजे स्टॉपरला, ही उंची कुणी मोजतच नाही, पण टायमिंग बघा त्याचं. लहान चणीच्या स्टॉपरनं शिकावं असा माणूस आहे.

रंकाळा_१०
आता अँचेलोत्ती आलाय. पाच चॅम्पियन्स लीग जिंकलेला कोच हाय तो. पात्रता फेरीचं काय सांगतोस, २००२ ला पण रडतखडतच पात्र झालेलो आणि कप उचलून आणलेला. मार्किन्योस आणि गाब्रिएलसारखे स्टॉपर असताना पोराला दुसरीकडं बघायची गरज काय?

सांगलीकर_सचिन
अर्जेंटिना +१. मेस्सी उतरला तर त्याचा सहावा वर्ल्ड कप. असा खेळाडू परत होणे नाही.

धुलाई_केंद्र
कुठला देश ते तुम्ही ठरवा, मी कापडावर बोलतो. गेल्या वेळी मुलीसाठी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून 'फर्स्ट कॉपी' मागवली, ६९९ ला. फोटोत विणलेला लोगो, हातात आली ती चिकटवलेली. तिसऱ्या धुण्याला पाठीवरचा नंबर कडेनं सुटायला लागला आणि पहिल्या इस्त्रीला नावातलं एक अक्षर इस्त्रीला चिकटून आलं. पैसे परत मागितले तर 'वापरलेला माल' म्हणून हात वर केले.

त्यामुळे सांगतो, ८०० मध्ये चिकटवलेल्या नाव-नंबरची जर्सी घेऊच नका. सबलिमेशन प्रिंटची घ्या. त्यात रंग कापडातच उतरतो, त्यामुळे सुटायला वर काही नसतंच. हात फिरवून बघा, नंबराच्या कडेला उंचवटा लागला नाही तर ती सबलिमेशन. ही पद्धत पॉलिस्टरवरच होते, सुती टी-शर्ट देऊन 'यावर करून देतो' म्हणाला तर दुसरीकडे जा. आणि कुठलीही जर्सी उलटी करून थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा.

नेरूळकर
स्पेन. आणि हे मी टीव्ही बघून सांगत नाहीये. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपची सेमीफायनल आमच्या डी. वाय. पाटीलवर झाली, स्पेन विरुद्ध माली. स्पेन ३-१ जिंकलं. तिसरा गोल फेरान तोरेसचा, माझ्यासमोरच्या गोलपोस्टमध्ये. तोच फेरान तोरेस आज स्पेनच्या मोठ्या संघात आहे. २०२२ ला मुलींच्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपची फायनलही याच मैदानावर झाली, तीही स्पेननंच जिंकली. युरोपातल्या देशांचा युरो २०२४ कप तर सातच्या सात सामने जिंकून घेतला. लामिन यमाल तेव्हा फायनलच्या आदल्या दिवशी १७ वर्षांचा झाला होता.

बचावपटूच हवा असेल तर पाउ कुबार्सी. जन्म २००७ चा. अकरा वर्षांच्या पोराला तो मोठ्या भावासारखा वाटेल. जर्सी मात्र दुकानात जाऊन अंगाला लावून घ्या, धोबी तलावला खेळाच्या सामानाची ओळीनं दुकानं आहेत. मी आदिदासची ओरिजिनल घेतली, एक पैशाचा पश्चात्ताप नाही.

पुण्यातला_मामा (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. पण बजेट ८०० आहे, पाच हजार नाही. आणि भाचा कोल्हापुरात, मी पुण्यात, धोबी तलाव दोघांनाही लांब. वेळांबद्दल कुणी सांगेल का?

मुग्धा_वेळापत्रक
सांगते. सामने अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत आहेत, त्यामुळे आपल्याकडे बरेचसे मध्यरात्री ते सकाळ या वेळात येतात. उद्घाटनाचा मेक्सिको-दक्षिण आफ्रिका सामना ११ जूनची रात्र उलटून १२:३० ला. फायनलही १९ जुलैची रात्र उलटून १२:३० ला. मुलाच्या दृष्टीनं संघागणिक बघा, सगळ्या वेळा भारतीय आहेत:

ब्राझील-मोरोक्को १४ जूनच्या पहाटे ३:३० ला, ब्राझील-स्कॉटलंड २५ च्या पहाटे ३:३० ला. ताई हो म्हणणार नाहीत.

अर्जेंटिना-अल्जीरिया १७ जूनला सकाळी ६:३० ला, म्हणजे शाळेच्या गडबडीत. ऑस्ट्रियाशी २२ ला रात्री १०:३० ला. जॉर्डनशी २८ ला सकाळी ७:३० ला, तो मात्र रविवार आहे.

स्पेनचे पहिले दोन सामने सगळ्यात सोयीचे. १५ जूनला केप व्हर्दे आणि २१ ला सौदी अरेबिया, दोन्ही रात्री ९:३० ला. उरुग्वेचा २७ च्या पहाटे ५:३० ला.

पोर्तुगालचेही पहिले दोन, १७ आणि २३ जून, रात्री १०:३० ला.

जर्मनी-कुरासाव १४ जून, रविवार, रात्री १०:३०. त्यानंतरचे जर्मनीचे दोन्ही सामने रात्री १:३० चे.

इंग्लंडच्या पहिल्या दोन सामन्यांचीही तीच गत, १:३०.

आणि 'साखळीत गारद' होण्याची भीती यंदा कमी आहे. ४८ संघ, १२ गट, प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाच्या बारातले आठ पुढे जातात. एक सामना नीट जिंकला तरी आशा राहते.

सांगलीकर_सचिन
चांगली माहिती. तरी अर्जेंटिनाच.

सासष्टीचो_पात्राव
पोर्तुगाल घ्या. १०:३० ला सामना, जेवण आटोपून निवांत बघता येतो. आमच्या गोव्यात अर्धा गाव पोर्तुगाल, अर्धा ब्राझील. जून २०२५ मध्ये त्यांनी युरोपातल्या नेशन्स लीगच्या फायनलला याच स्पेनला पेनल्टीवर हरवलं. नूनो मेंडिस त्या सामन्याचा राजा होता, यमालला त्यानं खिशात ठेवलं आणि वर स्वतः गोल केला. मधल्या फळीत तर जगात तोड नाही. स्टॉपर म्हणून रुबेन दियास. जर्सी आता नायकेची नाही, २०२५ पासून पुमाची आहे, जुनी कुणी गळ्यात मारत असेल तर लक्ष ठेवा.

खरं सांगू, मला या सगळ्या धाग्याचं वाईट वाटतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मी फातोर्ड्याला होतो. भारत विरुद्ध सिंगापूर, आपण आधी गोल केला आणि १-२ हरलो. वर्ल्ड कप सोडाच, आशिया कपमधूनही बाहेर. स्टेडियमबाहेर पोरं भारताची निळी जर्सी घालून गप्प बसली होती. ज्या देशानं १९५६ च्या ऑलिंपिकला चौथा नंबर काढला, ज्याच्या नेव्हिल डिसोझानं, मूळच्या आमच्या गोंयकारानं, ऑस्ट्रेलियाला ऑस्ट्रेलियातच हॅट्ट्रिक मारली, त्या देशातला पोरगा 'कुणाचा देश धरू' म्हणून विचारतोय.

इतिहासप्रेमी_नाना
१९५० ला आपण पात्र होतोच की! अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून गेलो नाही.

सासष्टीचो_पात्राव
नाना, ही गोष्ट सगळीकडे फिरते पण तसं नव्हतं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला आपले बरेच खेळाडू अनवाणीच खेळले होते, फ्रान्सकडून १-२ हरलो, दोन पेनल्टी वाया घालवून. १९५० ला फेडरेशनलाच वर्ल्ड कपचं मोल नव्हतं, त्यांच्या लेखी ऑलिंपिक मोठं. इटली, स्वीडन, पॅराग्वेच्या गटात आपलं नाव निघालं होतं. बुटांचं कारण खरं नव्हतं, हे कर्णधार शैलेन मन्नांनीच पुढे सांगितलंय.

इतिहासप्रेमी_नाना
आम्ही शाळेत मास्तरांकडून ऐकलेलं आहे. बूट हे एक कारण असणारच.

बार्शीचा_गोली
दोघांनी वेगळा धागा काढावा ही विनंती.

स्टॉपर आहे म्हणताय म्हणून सांगतो, नावं बघू नका, आकडे बघा. इंग्लंडनं पात्रता फेरीत आठ सामने खेळले, २२ गोल केले, खाल्ला एकही नाही. आणि त्याहून भारी एक्वाडोर. दक्षिण अमेरिकेच्या १८ सामन्यांत फक्त पाच गोल खाल्ले. सुरुवातीला तीन गुण कापलेले असतानाही दुसरे आले, ब्राझीलच्या वर. पाचो, हिंकापिए मागे आणि पुढे कैसेदो. बचाव शिकायचा तर ह्यांच्याकडून. मी गोली आहे, पुढचे दोघे जागेवर असले की किती सुख असतं ते मला विचारा.

पेठेतला_पांढरा_निळा
एक्वाडोरची जर्सी पिवळी असते. पेठेत घालून फिरला तर सगळी ब्राझीलचाच समजणार त्याला.

रंकाळा_१०
मग बरंच हाय की.

एडिसनकर
मी न्यू जर्सीत राहतो. फायनल होणार ते स्टेडियम माझ्या घरापासून फार लांब नाही. २०२४ च्या कोपाची अर्जेंटिना-कॅनडा सेमीफायनल तिथेच बघितली, मेस्सीचा गोल प्रत्यक्ष पाहिलेला आहे. यंदा मात्र तिकिटांच्या किमती बघून हात आखडता घेतलाय. मागणीनुसार भाव वाढवतात, आज बघितलेला उद्या नसतो. डिसेंबरात ६० डॉलरची तिकिटं आणली, पण ती त्या त्या देशांच्या संघटनांमार्फत, त्यांच्या निष्ठावंत चाहत्यांना. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

संघाचं म्हणाल तर उकाड्याचा विचार करा. इथला जून-जुलै तुम्हाला वाटतो तसा थंड नाही. ह्यूस्टन, डॅलस, अटलांटाला छप्पर आणि एसी आहे, पण मायामी, फिलाडेल्फिया आणि आमचं न्यू जर्सी उघडं. यंदा प्रत्येक हाफमध्ये तीन मिनिटांची पाणी-विश्रांती ठेवलीय. जिंकायला आठ सामने खेळावे लागणार. ज्यांचा बाकावरचा संघही पहिल्यासारखाच तगडा, तेच टिकतील. म्हणून फ्रान्स. जर्सी हवी तर मी दिवाळीत येताना आणू शकतो.

धुलाई_केंद्र
दिवाळीत वर्ल्ड कप संपलेला असेल.

नगरची_शलाका
माझा मुलगाही बचावात खेळतो. जर्सीऐवजी चांगले शिनगार्ड द्या, हा माझा सल्ला. ८०० मध्ये बरे येतात. आमच्याकडे जर्स्यांचा ढीग आहे आणि नडगीवर टाके पडले ते शिनगार्ड नव्हते म्हणून. स्टॉपरला तर रोज लागतं.

आल्हाद_वि
कुणी छोट्या देशांबद्दल बोललंच नाही. मुग्धाताईंनी १५ जूनचा स्पेन-केप व्हर्दे सामना लिहिलाय. तो केप व्हर्दे पहिल्यांदाच वर्ल्ड कपला येतोय. अटलांटिकमधली दहा बेटं, लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास. म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या कोल्हापूर शहरापेक्षाही कमी. प्राया या राजधानीत कॅमेरूनला १-० हरवलं आणि १३ ऑक्टोबर २०२५ ला एस्वातिनीला ३-० नमवून गटात पहिले आले, कॅमेरून मागे राहिला.

आणि मामा, त्यांचा स्टॉपर बघा. रोबेर्तो लोपेस, सगळे पिको म्हणतात. जन्म आणि वाढ डब्लिनची, वडील केप व्हर्देचे. आधी बँकेत गृहकर्जाचं काम करायचा. डब्लिनच्या शॅमरॉक रोव्हर्स क्लबकडून खेळताना केप व्हर्देच्या कोचनं त्याला लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये मेसेज टाकला. ह्याला वाटलं, फालतू काहीतरी असेल, उत्तरच दिलं नाही. काही महिन्यांनी कोचनं पुन्हा विचारलं, तेव्हा भाषांतर करून वाचला आणि लगेच हो म्हणाला. तो माणूस आता यमालसमोर उभा राहणार आहे, आपल्याकडच्या रात्री ९:३० ला.

नेरूळकर
गोष्ट चांगली आहे, पण त्या सामन्यात स्पेन चार तरी मारेल. पोराला पहिल्याच सामन्यात रडवायचंय का?

रंकाळा_१०
केप व्हर्देची जर्सी कोल्हापुरात कोण ओळखणार? गल्लीत एकटा पडंल पोरगं.

सांगलीकर_सचिन
मेस्सी असताना केप व्हर्दे?

सासष्टीचो_पात्राव
तोही पोर्तुगीजांचाच जुना मुलूख, १९७५ ला स्वतंत्र झाला. आम्हांला जवळचा वाटतो. पण जर्सी भारतात मिळणं कठीण, त्यापेक्षा पोर्तुगालच बरा.

छापखाना_राजारामपुरी
जर्सी मिळण्याचा प्रश्न असेल तर मी सांगतो, माझं कामच ते आहे. आम्ही तालमींच्या फुटबॉल संघांच्या, शाळांच्या जर्स्या सबलिमेशनवर छापतो. मंडळाची वीस-पंचवीसची ऑर्डर असली की स्वस्त पडते. एकच हवी असेल तर डॉट निट या पॉलिस्टर कापडात लहान मुलाची ३५० ते ४०० ला कुठलाही छपाईवाला करून देईल. देशाचा आणि कंपनीचा लोगो आम्ही टाकत नाही, ते चुकीचं आहे. रंग, पट्टे, पोराचं नाव, नंबर, एवढंच. छातीचं माप घ्या आणि त्यावर तीन इंच वाढवा, म्हणजे पुढच्या वर्षीही येते. वयावरून साइज सांगू नका, अकरा वर्षांची पोरं कुठल्याही मापाची असतात. आणि मेमध्येच सांगा. जून लागला की ब्राझील-अर्जेंटिनाच्या ऑर्डरी येतात आणि एकट्या जर्सीला मशीन रिकामं मिळत नाही.

पुण्यातला_मामा (धागाकर्ता)
मंडळी, ठरलं. काल ताईकडे फोन केला आणि भाच्याला तुमचे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ब्राझील, अर्जेंटिना तो रोजच ऐकतो. एक्वाडोरचे पाच गोल ऐकून "लई भारी" म्हणाला. पण पिको लोपेसची गोष्ट त्यानं दोनदा वाचायला लावली. "बँकेतला माणूस स्टॉपर?" आणि मग, "आपल्या कोल्हापुरापेक्षा लहान देश?" त्यानंतर दुसरं काही ऐकायलाच तयार नाही.

तर केप व्हर्दे. तुमच्यापैकी एकानंही तोच घ्या असं म्हटलेलं नाही, आल्हादरावांनीसुद्धा फक्त माहिती दिली, ते मला कळतंय. स्पेनकडून चार गोल बसतीलही. पण त्यानं स्वतः धरलेला हा पहिला संघ आहे आणि मला तो मोडायचा नाही. ताईनं १५ जूनच्या ९:३० ला परवानगी दिलीय. केप व्हर्देचे पुढचे दोन्ही सामने पहाटेचे आहेत, ते तो शाळेतून आल्यावर पुन्हा दाखवतील तेव्हा बघेल.

जर्सी कोल्हापुरातच छापून घेतो, निळी, लोगोशिवाय, पाठीवर त्याचं नाव. उरलेल्या पैशांत शलाकाताईंनी सांगितलेले शिनगार्ड, साधे का होईना. धुलाई_केंद्र, उलटी करून धुवायचं ताईला सांगितलंय.

नेरूळकर
शुभेच्छा. पण फायनलला मी विचारायला येणार, स्पेन कुठे आहे ते.

रंकाळा_१०
मामा, शिनगार्ड मी देतो पोराला, माझे लहानपणीचे पडून हायत, चांगले हायत. त्या पैशात ब्राझीलची पण एक छापून घे, दोन्ही बसत्यात ८०० मध्ये.

पेठेतला_पांढरा_निळा
दुसरी छापायचीच असेल तर पांढरी-निळी. केप व्हर्देच्या निळ्याशी जुळते तरी.

छापखाना_राजारामपुरी
मामा, नंबर कुठला टाकायचा? आणि नाव मराठीत की इंग्रजीत?

पुण्यातला_मामा (धागाकर्ता)
चार नंबर, तालमीच्या संघातही तो चारच घालतो. नाव मराठीत. छातीचं माप ताई आज संध्याकाळी घेऊन कळवते.